मावशी आणि पाण्यातली झाडं

"रुसलंय त्ये. लागंल."

पदर खोचून, कोपरापर्यंत हात फिशटँकमध्ये बुडवून मावशी हे म्हणायच्या. भाताचं रोप उपटून दुसरीकडे लावलं की आठवडाभर रुसतं, मग हिरवं होतं. टाकवे गावच्या भातखाचरात जन्म गेलेल्या मावशींनी तोच न्याय काचेच्या पेटीतल्या झाडांना लावला होता.

तळेगावात आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये त्यांचा मुलगा आणि सून राहायचे. मुलगा कंपनीत होता. रविवारी त्या टँकपुढे बसला की जेवायला तीनदा हाक मारावी लागे. अडतिसाव्या वर्षी, बसल्या जागी गेला. दिवसकार्य गावीच झालं. सून नोकरीसाठी आधी परतली, आणि ती एकटी राहते म्हणून आठवड्याने मावशीही आल्या. आल्या त्या टँकजवळच बसल्या.

पहिल्याच महिन्यात त्यांनी सगळी झाडं उपटली आणि चार-चार बोटांवर, एका ओळीत, अंगठ्याने दाबून पुन्हा लावली. उंच मागे, बुटकी पुढे, अशी हौशी लोकांची रीत असते. मी शाळेत शिकवते, शहाणपणा शिकवायची सवय जात नाही. मी बोलून पाहिलं.

"दाट लावल्याव फुटवं येत न्हाईत, बाई," त्या म्हणाल्या. "तुमी पुस्तक बगा, मी पानी बगते."

तुम्हीही हसला असता. पण झाडांना खरंच फुटवे आले आणि मी गप्प बसले.

मग एकदा बरीच पाती पिवळी पडली. मावशींनी गावाहून पुडीत आणलेला युरिया चिमूटभर पाण्यात सोडला. भाताला चालतो, मग ह्यांना का नको? सकाळी सगळे गप्पी मासे पोट वर करून तरंगत होते.

त्यांनी मला बोलावून घेतलं. दिवसभर जेवल्या नाहीत. "त्यानं पाळल्यालं. माज्या हातानं मारलं," एवढंच परत परत म्हणत होत्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं. संध्याकाळी सून कामावरून आली.

तिने पर्स ठेवली, जाळी घेतली आणि एकेक मासा बाहेर काढला.

"आई, हे त्यांचे नव्हते," ती म्हणाली. "त्यांचे मासे आपण गावी होतो तेव्हाच मेले. तुम्हाला कळू नये म्हणून मी तसेच दुसरे आणून सोडले होते."

मावशींनी टँककडे बोट दाखवलं.

"आन झाडं?"

"झाडं त्यांचीच आहेत."

मावशींनी डोळे पुसले. लगेच उठून बादली आणली आणि अर्धं पाणी बदललं. त्यानंतर टँकमध्ये मासा आला नाही. कुणी आणू का विचारलं तर म्हणायच्या, "नगं. झाडं हाईत की." दोन वर्षं त्यांनी ती झाडं अशी जपली की लांब पाती वर येऊन पाण्यावर पसरली. जगण्याला त्यांना तेवढं पुरत होतं, असं मला वाटतं.

गेल्या थंडीत मावशी गेल्या. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं.

परवा रविवारी मी समोर गेले तर सून टँकचं पाणी बदलत होती. मी म्हटलं, "बरं झालं, त्याची झाडं तरी राहिली."

तिने नळी खाली ठेवली.

"झाडंही तेव्हाच सडली होती, बाई. स्टेशनजवळच्या दुकानातून आणली मी ही. माशांचं सांगून टाकलं, पण झाडांचं विचारलं तेव्हा त्यांचा चेहरा बघून माझी जीभ रेटली नाही. नंतर सांगायचं म्हणत राहिले." तिने ओले हात पुसले. "रोज सकाळी पाण्यात हात घालून ह्यांच्या नावाने हाक मारायच्या. मी आतून ऐकायचे."

मी बादली धरली, आणि तिने नळी परत पाण्यात सोडली.