क्लिपचा शेवटचा आटा

माझ्या बापानं मला मारायला सगळ्यात जास्त कशाचा वापर केला असेल, तर नळीच्या तुकड्याचा. काठी मोडते. पट्टा कमरेचा काढावा लागतो. नळी मात्र अंगणात कुठंही पडलेली असते. ठिबकची काळी नळी, हातभर लांब. ती पाठीवर पडली की आधी आवाज ऐकू येतो आणि मग कातडी पेटते. सातवीच्या मध्यात मी शाळा सोडली, ती अभ्यास जमत नव्हता म्हणून नाही. वळ शर्टाला चिकटायचे आणि बाईंनी विचारलं तर काय सांगायचं, ते सुचायचं नाही. सोळाव्या वर्षी आमच्या सांगलीच्या कोरड्या बाजूनं निघालेल्या एका बोअरच्या गाडीवर, म्हणजे रिगवर, चढलो आणि भोकं पाडत पाडत गोंदियापर्यंत आलो. तिथून परत गेलो नाही.

त्यामुळं काकाजी जेव्हा म्हणाले, "उद्या गोंदियाले जाऊ, पाइप गुंडाळाची गाडी आनू," तेव्हा मला बरं वाटायच्या आधी तो नळीचा तुकडा आठवला.

काकाजी म्हणजे आमचे मालक. कामठ्याच्या बाजूला त्यांचं धानाचं शेत आहे आणि रस्त्याकडच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या खाचरांमध्ये, त्यांनी नर्सरी उठवलीय. आंब्याची कलमं, गुलाब, सागाची रोपं. सहा वर्षं मी तिथंच मोटरच्या खोलीला लागून राहतो आणि झाडांना पाणी घालतो. दोनशे फुटांचा पाइप खांद्यावर घेऊन ओढत न्यायचा. वळणावर तो ताणला जातो, उसळतो आणि शेजारच्या वाफ्यावर सपकन येऊन पडतो. त्या हिवाळ्यात एका फटक्यात गुलाबाच्या चाळीसेक कलमांच्या माना मोडल्या. काकाजींचा पुतण्या गल्ला सांभाळतो. त्यानं धावत येऊन माझी मान पकडली आणि तोंड त्या मोडक्या कलमांत दाबलं. काटे गालात गेले.

"पाह्य! जवळून पाह्य! डोये हायेत का बटना हायेत?"

 मला असं धरलं की मी बोलत नाही, मोजतो. किती वेळ चाललं ते मोजतो. नऊपर्यंत आलो तेव्हा काकाजींनी त्याला हाक मारली आणि त्यानंतरच गाडीची गोष्ट निघाली.

दुकानात दोन गाड्या होत्या. एक हिरव्या प्लास्टिकची, दिसायला देखणी, चाकं जेवणाच्या ताटलीएवढी. दुसरी लोखंडी नळ्यांच्या सांगाड्याची, हवा भरायच्या रुंद चाकांची, आणि ती खोक्यात सुटी होती. घरी नेऊन जोडायची.

"भैया, ये हरी वाली ले जाओ," दुकानदार म्हणाला. "हल्की है, बच्चा भी खींच लेगा."

पुतण्याला हिरवीच पाहिजे होती. काकाजी माझ्याकडं वळले. "तू ओढणार. तू सांग, कोन्ती?"

तोपर्यंत मला कुणी असं विचारलं नव्हतं. चूक सांगितली तर काय होईल, याचीच भीती वाटली. तरी म्हणालो, "व्हय, ती लोखंडी घ्या. आपल्या मातीत हिरवीची चाकं रुततील. पाणी सोडल्यावर बांध्यात घोट्यापर्यंत चिखल असतो."

"व्हय म्हनते!" पुतण्या दुकानदाराकडं बघून हसला. "सा वर्सं झाले, याच्या तोंडून 'हो' नाई निघालं. अन जोडन कोन हे? तू? कागद विंग्रजीत हाये."

"चित्रं आहेत त्यात," मी म्हणालो.

"चित्र पाहून तं मी बी डॉक्टर होईन."

काकाजींनी लोखंडी घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहाच्या झाडाखाली पोतं अंथरून मी सगळे भाग मांडले. दोन वाकवलेल्या नळ्या, आस, चाकं, पाइप गुंडाळायच्या ढोलाच्या दोन चकत्या, फिरवायचा दांडा, पिशवीभर नट-वायसर. सांगाडा तासाभरात उभा राहिला. चाकांच्या आतून पिना घातल्या, टोकं वाकवली. हात सुरळीत चालत होते. मग पिशवीच्या तळातून दोन वस्तू निघाल्या: पाणी ढोलात शिरतं तिथला काळ्या प्लास्टिकचा वाकडा जोड, एल्बो, आणि त्यावर पाइप आवळायची स्टीलची क्लिप.

क्लिप बोटात घेतली आणि लगेच परत पोत्यावर ठेवून दिली. त्याचं कारण आता सांगतो. त्या सकाळपर्यंत ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी आमची बोअरची गाडी याच शेतात आली होती. कंप्रेसरपासून मशीनपर्यंत हवेचा जाड पाइप जातो. त्याच्या जोडावरची क्लिप आवळणं माझं काम होतं. हातानं आवळून भागत नाही. पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळीचा लांब तुकडा चढवायचा आणि त्यावर अंग टाकायचं. क्लिप किंचाळेपर्यंत. शेवटचा आटा असा अंगाच्या वजनानंच बसतो. त्या दिवशी सकाळपासून पोटात काही नव्हतं. गाडीवरचा माझा जोडीदार भात वाढत होता आणि मी तो शेवटचा आटा सोडला. संध्याकाळी बघू म्हणालो.

पाऊण तासानं जोड निसटला. हवा भरलेला पाइप सुटला की तो पाइप राहत नाही. तो जमिनीवर आपटला, माती फाडून उठला, गाडीच्या पत्र्यावर बसला, पत्रा आत गेला, आणि तिसऱ्या फटक्याला माझ्या जोडीदाराच्या तोंडावर आला. जबडा खालून सुटून लोंबायला लागला. त्यानं दोन्ही हातांनी तो धरला आणि माझ्याकडं बघितलं. त्याच्या बोटांतून दात गळत होते. मशीन चालवणाऱ्या ऑपरेटरनं कंप्रेसर बंद केला तेव्हा सगळीकडं शांत झालं, आणि त्या शांततेत त्याच्या घशातून येणारा आवाज मला अजून ऐकू येतो.

त्याला जीपमध्ये घालून नेलं. मग ऑपरेटर माझ्याकडं वळला. गाडीत पडलेला पाइपाचा तुकडा उचलून त्यानं मला मारायला सुरुवात केली. मी हात वर केला, तर हाताचं हाड मोडलं. तरी तो थांबला नाही. काकाजी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, काठी घेऊन पळत आले आणि त्याच्या खांद्यावर अशी बसवली की तो गुडघ्यावर आला.

"माया वावरात मानूस मारतं काय बे?"

गाडी त्याच दिवशी गेली. मी राहिलो. काकूंनी हळद-तेल लावून हात बांधला आणि दवाखान्यात नेलं. काकाजींनी एकदाच विचारलं होतं, "क्लिप आवळली होती ना?" मी म्हणालो, "पूर्ण आवळली होती." तेवढ्या वाक्यावर मी या घराचं सहा वर्षं जेवलो. माझ्या डोक्यात हे पक्कं होतं की खरं कळलं तर हे लोक मला हाकलतील आणि मग जायला बापाचं अंगणच उरलंय.

म्हणून त्या सकाळी मोहाखाली मी जे केलं ते रिगवरच्या माणसानंच करावं. बागेतल्या पाण्याच्या पाइपाची साधी क्लिप, पेचकसनं चार वेढे दिले की झालं. मी पाना आणला. त्यावर नळीचा तुकडा चढवला. पाय रोवला आणि अंग टाकलं. क्लिप किंचाळली. बारीक कट असा आवाज आला, तो मला पक्केपणाचा वाटला. आता काही निसटणार नाही, असं मनाशी म्हणालो.

पुतण्या पाहायला आला. ढोलावर वाकून म्हणाला, "चाक तं सरळ बसवलं बाप्पा! चाल, पानी सोड."

मोटर सुरू केली. पाइप फुगत आला, ढोलाला एक झटका बसला, आणि एल्बो फुटला. प्लास्टिकचा टोकदार तुकडा पुतण्याच्या भुवईवर बसला. पाण्याचा लोट त्याच्या छातीवर. तो मागं कोसळला, उठला, तेव्हा अर्धा चेहरा लाल होता.

मला तो दिसलाच नाही. मला जबडा धरलेला माणूस दिसला.

"आंधळा करत होता मले!" पुतण्या ओरडला आणि अजून न बसवलेला फिरवायचा दांडा उचलून त्यानं माझ्या कमरेत घातला. दुसरा खांद्यावर. तिसऱ्या वेळी मी मोजायचं विसरलो. सहा वर्षांत पहिल्यांदा, खरं म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा, मी उलट अंगावर गेलो. डोक्यानं त्याच्या पोटात धडक दिली, दोघं चिखलात पडलो, त्यानं माझा कान पकडून पिरगळला, मी त्याच्या मनगटाला चावलो. रक्ताची चव आली आणि मला ती नको वाटली नाही. त्याच्या छातीवर बसलो. हाताला पाना लागला, नळी चढवलेला, हातभर लांब. मी तो डोक्यावर उचलला. खाली पुतण्याचं तोंड उघडं होतं. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मला ओळखीचं होतं. मी बापाकडं तसाच बघायचो.

तेवढ्यात माझ्या पाठीत काठी बसली. अशी की पाना हातातून उडाला. मी बाजूला लोळलो. लगेच दुसरी पुतण्याच्या मांडीवर बसली.

"उठा!" काकाजी उभे होते. "उठा दोघंबी! वाफ्यात लोळून राहिले, कलमं कोनाच्या बापाची हायेत?"

"काका, मले कायले मारता? रक्त माया निघून राहिलं!"

"तू दांडा उचलला, त्यानं पाना उचलला. मी काठी उचलली. झालं." ते वाकून फुटका एल्बो उचलत होते. "जा, काकूकडून पट्टी बांधून घे."

पुतण्या लंगडत गेला. पाठीत आग होत होती, तरी एक गोष्ट माझ्या लक्षात आली: काठी दोघांना एकेकच पडली होती, आणि तेवढीच जोरात. मी बाहेरचा म्हणून एखादी जास्त नाही.

मी मोटर बंद करून आलो. काकाजींनी एल्बो माझ्यापुढं धरला. "हे काऊन फुटलं?"

"जास्त आवळलं."

"कायले?"

मग मी सांगितलं. भात, शेवटचा आटा, संध्याकाळी बघू. सांगताना त्यांच्या हातातल्या काठीकडं बघत होतो. शेवटी म्हणालो, "मी खोटं बोललो तुमच्याशी. त्याचा जबडा माझ्यामुळं गेला. मी जातो आजच."

काकाजींनी एल्बोच्या भेगेवरून अंगठा फिरवला.

"ते क्लिप मीच उचलली होती धुऱ्यावरून, तुया हात बांधून राहिले होते तवा," ते म्हणाले. "तिचे आटे शाबूत होते. पुरी आवळलेली क्लिप तुटते गा. आपोआप निसटत नाई."

 मी गाडीच्या चाकाला धरलं. "म्हणजे तुम्हाला तवाच..."

"तवाच."

"मग ठेवलं कशाला?"

"हात मोडला होता. कोठी गेला असता?"

"अन नंतर?"

"नंतर कामाचा निघाला." त्यांनी एल्बो माझ्या खिशात कोंबला. "त्या मानसाचं तोंड तुया डोक्यातून जाणार नाई. जाऊ बी नोको देजो. पन त्याच्यापायी माया वस्तू नोको फोडू. जा, पितळेचा घेऊन ये."

मी सायकलवर गेलो आणि पितळेचा एल्बो घेऊन आलो. पाठ ठणकत होती, कमरेतून वाकता येत नव्हतं. पाना लांब ठेवला. पेचकसनं चार वेढे दिले. पाचवा द्यायला हात शिवशिवत होता. नाही दिला.

तोवर काकाजी येऊन गाडीजवळ बसले. उकिडवे, जोडापासून वीतभर अंतरावर, तोंड बरोबर क्लिपसमोर.

"काकाजी, सरका तिथून."

"आवळली ना?"

"व्हय."

"किती?"

"लागते तितकी."

"मंग मी कायले सरकू?" असं म्हणून त्यांनी मोटरच्या खोलीकडं हाक मारली, "चालू कर रे!"

आत पुतण्या होता, डोक्याला पट्टी बांधून. त्यानं बटण दाबल्याचा आवाज आला. मला ओरडायचं होतं, थांब म्हणायचं होतं, पण तेवढा वेळ नव्हता. पाइप जमिनीवरून फुगत आला. वळणावर तो उसळला, सापासारखं अंग टाकलं, गाडीला झटका बसला, दोन्ही चाकं चिखलात हलली. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. क्लिपच्या कडेला पाण्याचा एक थेंब जमला. काकाजींनी तो बोटानं पुसला. पुन्हा जमला नाही.

पुतण्या खोलीच्या दारात आला. एक डोळा सुजून बंद झालेला. मी चावलेल्या मनगटाला त्यानं हळद लावली होती.

"काऊन रे रिगवाल्या," तो म्हणाला, "गाडी उभी पाहाले आनली का? सागाचे रोपं सुकून राहिले तिकडं."

मी सांगाड्याची नळी धरून गाडी ओढायला लागलो. प्रत्येक पावलाला शर्ट पाठीवरच्या वळाला घासत होता. चाकं चिखलात उतरली, पण रुतली नाहीत.