लिंबापर्यंतचा रुपया

कळमनुरीत आमच्या शाळेच्या फाटकासमोर रहमतबी खालाचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याची टपरी. गोळ्या, पेन्सिली, खोडरबर, फुटाणे. तिसरीत असल्यापासून मी तिथं जात आले आणि आता त्याच शाळेत तिसरीला शिकवते. वजाबाकी मला शाळेनं शिकवली असं प्रगतिपुस्तक म्हणतं. साफ खोटं आहे. ती खालानं शिकवली.

तिची रीत अशी. रोज एखाद्या पोराला ती मुद्दाम एक रुपया कमी परत द्यायची. जागच्या जागी ओळखलं तर लिमलेटची गोळी फुकट. न मोजता मूठ मिटली तर समोरच्या कडुलिंबापर्यंत जाऊ द्यायची आणि मग आख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशी हाक मारायची, "अगं ए मंजुषे, तुझा रुपया कोन नेईल, तुझा बाप?" मी चारदा लिंबापासून तोंड पाडून मागे आले. पाचव्यांदा गोळी खाल्ली. आज बाजारात गल्ल्यावर बसणारे कितीतरी जण हीच गोळी खाऊन शहाणे झालेत.

मागच्या भादव्यात माझ्या वर्गात संपदा नावाची नवी मुलगी आली. वडील बँकेत, बदलीवर आलेले. तिनं दहाची नोट देऊन तीन रुपयांचं खोडरबर घेतलं आणि सहा रुपये मुठीत धरून निघाली. खालानं हाक मारली, पण मधे ट्रॅक्टर आला आणि त्याच्या आवाजात हाक बुडाली. पोरगी दिसेनाशी झाली. खालानं तो रुपया तराजूच्या पारड्यात काढून ठेवला, सकाळी द्यायला.

सकाळपर्यंत थांबतंय कोण! संध्याकाळीच बाप आला, मोबाइलवर शूटिंग चालू करून.

"लेकरांना लुटता?"

"न्हाई साहेब. हा बघा, पोरीचा रुपया बाजूला ठिवलाय. हिसाब शिकवून राहिले मी त्यायला."

"पकडल्यावर बरा बाजूला निघाला!"

तासाभरात तो व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर आला. ग्रुपवर खालाच्या हातची गोळी खाल्लेले वीस-पंचवीस जण तरी होते. एकानंही तोंड उघडलं नाही. माणसानं खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. मीही दोन ओळी लिहिल्या आणि पुसून टाकल्या. मी कंत्राटी शिक्षिका, दरवर्षी नव्यानं करार होतो. हे कारण झालं, माफी नव्हे. दुसऱ्या दिवशी सूचना निघाली की मुलांनी त्या टपरीवरून काही घेऊ नये. वर्गात ती मीच वाचून दाखवली.

जानेवारीत शाळेनं बालबाजार भरवला. मुलांना व्यवहारज्ञान यावं म्हणून! फलकावर तसंच लिहिलं होतं. खाला आली, कुणी बोलावलं नव्हतं तरी. संपदाच्या पाटीपुढे थांबून तिनं सात रुपयांचे उकडलेले हरभरे घेतले आणि दहाची नोट दिली. संपदानं दोनच रुपये परत केले आणि ओठ दाबून हसू आवरलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. वर्गातल्या पोरींनी तिला लिंबाचा खेळ सांगितला होता.

खालानं तळहातावरची नाणी बघितली आणि ती फाटकाकडे चालू लागली. ती तिथं पोहोचेपर्यंत संपदा थांबली आणि मग आनंदानं ओरडली, "खाला, तुमचा रुपया! मोजलं नाही का तुम्ही?"

खाला वळली.

"मोजलं गं बाई. कमी हाय ते बी कळलं. पन आता मी कोन्या तोंडानं कोनाला 'कमी दिलंस' म्हनू?"

आणि ती गेली.

संपदा रुपया घेऊन माझ्याजवळ आली. "बाई, माझं काही चुकलं का?" तिचे वडील पलीकडेच उभे होते. मी म्हणाले, "जा, पाटीवर बस. गिऱ्हाईक आलंय."

त्या दिवशी आमच्या वर्गाचा नफा एक रुपयानं जास्त भरला. वहीत तो मीच लिहिला.