टेस्टचा शनिवार

आमच्या घरात माझ्याइतकं संशयी माणूस दुसरं नाही. दूधवाल्याचं माप, दुकानदाराचा काटा, बहिणीचं "पाच मिनिटांत आलेच", कशावरही माझा विश्वास बसत नाही. आई म्हणायची, "तू पोलिसात जाय." मी गेले व्यायामाच्या शिक्षणाला. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला पुन्हा चालतं-फिरतं करायचं, त्याच्या हृदयाला किती श्रम झेपतात ते मोजून व्यायाम ठरवायचा, असं ते दोन वर्षांचं पदव्युत्तर शिक्षण. शेवटचं सत्र प्रत्यक्ष पेशंटसोबत काढावं लागतं. मी राळेगावची, म्हणून यवतमाळातलं एक खासगी हॉस्पिटल मागून घेतलं. आपल्या माणसांत शिकू, असं वाटलं होतं.

आपल्या माणसांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं, "म्हंजे तुम्ही पीटीच्या बाई का?" एका आजोबांनी तर ट्रेडमिलकडे बघून सरळ सांगितलं, "जिंदगीभर वावरात चाललो. आता या पट्ट्यावर कायले चालू? जाऊन तर कुठीच नाही राह्यलो." त्यांना माझा संशय, मला त्यांचा. "किती थकवा वाटतोय?" असं विचारलं की घामानं निथळणारा माणूससुद्धा "काही नाही, बरं हाय" म्हणायचा. शहरातल्या कॉलेजातून आमच्या गाइड मॅडम फोनवर सांगायच्या, "पेशंटच्या तोंडाकडे बघू नकोस, नाडीकडे बघ." हे वाक्य माझ्या स्वभावाला फारच मानवलं.

अशात सर आले. दिग्रसकडच्या एका गावचे निवृत्त शिक्षक, हायस्कूलवर गणित शिकवलेले. स्टेंट बसवून थोडेच दिवस झाले होते. सकाळच्या एसटीनं नवरा-बायको दोघं यायची. काकू मांडीवर पिशवी घेऊन बाहेरच्या बाकावर बसायच्या आणि दार उघडलं की आत डोकवायच्या. सोमवारी आणि बुधवारी साधा व्यायाम असे. दर पंधरा दिवसांनी शनिवारी टेस्ट. म्हणजे छातीला तारा लावायच्या, पट्ट्याचा वेग आणि चढ हळूहळू वाढवायचा आणि ठोके कसे साथ देतात ते बघायचं.

सोमवार-बुधवारी सरांची नाडी शहाण्या बैलासारखी चालायची. ठोके आवरून धरणारी एक गोळी त्यांना रोज सकाळ-संध्याकाळ सुरू होती, तिचं काम दिसत होतं. पण टेस्टच्या शनिवारी तीच नाडी पहिल्या चढालाच उधळायची. एकदा झालं, मी तारा बदलल्या. दुसऱ्यांदा झालं, मी त्याच तारा स्वतःच्या छातीला लावून पट्ट्यावर पळून बघितलं. मशीन चोख होतं. मग मात्र माझी खात्री झाली की इथे कुठेतरी पाणी मुरतंय.

गाइड मॅडमना आकडे पाठवले तर त्या म्हणाल्या, "हे आकडे एकाच माणसाचे आहेत ना? का घरी बसून भरलेस?" जन्मभर दुसऱ्यावर संशय घेतलेल्या मला तो शब्द असा काही झोंबला की दोन घास कमी गेले.

आणि प्रश्न नुसत्या आकड्यांचा नव्हता. मोठ्या डॉक्टरांनी शनिवारचा रिपोर्ट बघून गोळीचा डोस वाढवला. त्यानंतरच्या दुसऱ्या बुधवारी सर पट्ट्यावरून उतरता उतरता गरगरले. मी धरलं म्हणून पडले नाहीत. बीपी खाली गेलं होतं, ओठ पांढरे पडले होते, काकू दारातून "काय झालं, काय झालं" करत आत आल्या. डॉक्टर म्हणाले, "येत्या शनिवारीही ठोके असेच वाढले तर नागपूरला पाठवू, स्टेंट बंद पडतोय का ते बघायला." मला भीती वाटली, खरीखुरी. बुधवारची नाडी आणि शनिवारची नाडी, दोन्हीपैकी एक खोटी होती, आणि कोणती ते कळल्याशिवाय या माणसाचा डोस ठरत होता.

माझा संशय खर्र्यावर गेला. आमच्याकडे कुणाच्या तोंडाचा संशय घ्यायचाच तर सुपारी-तंबाखू घोटलेल्या खर्र्याचाच घ्यावा. तंबाखूनं ठोके वाढतात, हे तर पहिल्याच सत्रात शिकवतात. त्या शनिवारी मी खिडकीत उभीच राहिले. एसटी स्टँडकडून दोघं आली. काकू फाटकाशी थांबल्या आणि सर रस्ता ओलांडून पानठेल्यावर गेले. ठेलेवाल्यानं काहीतरी दिलं, यांनी ते गालात सरकवलं. सापडला चोर!

सर आत आले तशी मी म्हणाले, "सर, तोंड उघडा."

"काहून?"

"उघडा तर. खर्रा खाता ना टेस्टच्या आधी?"

सरांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं. जिभेवर एक लवंग होती. "घसा कोरडा पडते मॅडम," ते म्हणाले. "शाळेत असतानी मी पोट्ट्यायचे खिसे तपासत होतो. आज माह्यं तोंड तपासून राह्यले."

मला जमिनीत गाडून घ्यावंसं वाटलं. तेवढ्यात काकू माझ्यावर उखडल्या. "खर्रा? पहाटपासून पोटात चहाबिगर काही नाही त्यायच्या. अन्न नाही, गोळी नाही!"

"गोळी का नाही?"

"आज टेस्ट हाय नं," काकू म्हणाल्या. मलाच काही कळत नाही, असा त्यांचा सूर होता.

मी सरांकडे वळले. ते शांतपणे म्हणाले, "टेस्टच्या दिवशी मी गोळी घेत नसतो. आदल्या संध्याकाळपासून नाही. गोळी खाऊन पट्ट्यावर चढलो त मार्क गोळीचे झाले. ते माह्ये कसे? कॉपीच झाली ते."

"सख्ख्या पुतण्याले दहावीच्या पेपरातून उठवलं यायनं," काकू म्हणाल्या. "कॉपी सापडली म्हणून. दीर अजून बोलत नाही आमच्याशी."

हसावं की रडावं, कळेना. आम्ही सगळे "टेस्ट, टेस्ट" करत होतो आणि हा माणूस दर खेपेला परीक्षेला बसत होता, इमानदारीनं. मी स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, "सर, ही तुमची परीक्षा नाही. तुम्ही आणि गोळी मिळून किती चालता तेच आम्हाला बघायचं असतं. आणि ही गोळी अशी अचानक सोडली तर हृदय उधळतं. एखाद्या शनिवारी इथे पट्ट्यावरच..." काकूंनी पदर तोंडाला लावला.

टेस्ट मी रद्द केली. डॉक्टरांना जाऊन सगळं सांगितलं. ते आधी चिडले, मग त्यांनी डोस पूर्वीसारखा केला आणि सरांना तपासून आजची गोळी आत्ताच द्यायला सांगितली. मी परत आले तेव्हा सर भिंतीला टेकून बसले होते.

"कवापर्यंत घ्या लागन?" त्यांनी विचारलं.

"बहुतेक कायमच, सर."

ते म्हणाले, "म्हंजे आता मरेपर्यंत कॉपी करूनच पास होत राह्यचं." हे त्यांनी गमतीत म्हटलं नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. मला खूप वाईट वाटलं. यावर काय सांगायचं, ते आमच्या अभ्यासक्रमात नव्हतं.

काकू उठल्या. त्यांनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी सोडवली, पाण्याची बाटली काखेत धरली.

"पुतण्याले उठवलं तवा मी काही बोलली नाही," त्या म्हणाल्या. "आता बोलतो. करा कॉपी. मी पुरवतो. हात पुढं करा."

सरांनी हात पुढे केला. गोळी तळहातावर घेऊन त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे तोंड फिरवलं.