नात्यातली नोंद

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती काचा घासते. पुढे मालक गिऱ्हाइकांना फ्रेमी दाखवतो आणि "तुमच्या चेहऱ्याला हीच शोभते" हे वाक्य दिवसातून चाळीस वेळा, चाळीस चेहऱ्यांना सांगतो. मागे ती यंत्रावर काच धरून तिच्या कडा फ्रेमच्या मापाला आणते. अर्ध्या मिलिमीटरची चूक झाली तर काच बसत नाही, आणि जबरदस्तीने बसवली तर तडकते. बावीस वर्षं हे काम केल्यावर माणसाचा स्वभाव जसा व्हायचा तसा तिचा झाला.

या स्वभावाला दुकानाबाहेर वाव मिळाला तो कोशामुळे. कोश म्हणजे इंटरनेटवरचा चित्रपटांचा कोश. कुठल्या चित्रपटात कोणी काम केलं, कॅमेरा कोणी धरला, कपडे कोणी शिवले, याच्या नोंदी कोणीही कराव्यात आणि संपादकांनी तपासून मंजूर कराव्यात अशी तिथली व्यवस्था. संपादक सगळे हौशी. पगार शून्य, भांडणं मुबलक. खरं नाव तिथे कोणी वापरत नाही. तिला सगळे 'कात्री' म्हणत. नाव तिने घेतलेलं नव्हतं, पण नाकारलंही नाही.

कोशाची नियमावली बहुतेक तिच्याच हातची. कोश सुरू करणारे एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांना सगळे 'सर' म्हणत, ते कलमांचा मसुदा तिच्याकडे पाठवायचे आणि ती तो अर्धा करून परत द्यायची. कलम एक: पुराव्याशिवाय काहीही लिहायचं नाही. कलम नऊ नात्यागोत्याचं. त्याचा जन्म एका मेहुण्यामुळे झाला. एका गृहस्थाने आपल्या मेहुण्याला त्रेचाळीस चित्रपटांत 'गर्दीतला माणूस' म्हणून घुसवलं होतं. त्यातल्या दोन चित्रपटांच्या वेळी मेहुणा जन्मलाही नव्हता. नोंदी काढल्या, तर मेहुण्याच्या मित्रांनी त्या पुन्हा घातल्या. तेव्हा कात्रीने कलम लिहिलं. नातेवाइकाची नोंद करायची तर 'संबंध' या रकान्यात नातं लिहायचं. ते लपवलं तर नोंद रद्द, आणि तीच नोंद पुढची दोन वर्षं कोणालाच करता येणार नाही. सहा महिने पुरेत, असं कोणीतरी सुचवलं होतं.

"सहा महिन्यांत मेहुणा सुधारत नाही," तिने उत्तर दिलं. सगळे हसले. कलम मंजूर झालं.

तिच्या खालोखाल कडक म्हणून ज्याचं नाव होतं तो बोका. लायसन्सच्या ऑफिसात लोकांचे फोटो काढणं ही त्याची नोकरी. "हसू नका" हे तो सरकारी खर्चाने सांगतो. नऊ वर्षांपूर्वी नवखा म्हणून कोशावर आला तेव्हा त्याच्या पहिल्या साठ नोंदी तिने परत पाठवल्या होत्या. एकसष्टावी मंजूर झाली तेव्हा त्याने फोन केला आणि तेव्हापासून तो तिला ताई म्हणायला लागला. पुरावा कसा तपासायचा, नकार कसा द्यायचा, नकारातही 'कृपया' कुठे टाकायचं, हे सगळं तो तिच्याकडून शिकला.

घरी ती आणि तिची मावशी, दोघीच. मावशी एक्याऐंशी वर्षांची. तरुणपणी तिने एका गाजलेल्या नटीला आवाज दिला होता, अकरा चित्रपटांत. नटी दिसायला अशी, की लोक श्वास रोखून धरत. ती बोलायला लागली की दिग्दर्शक कान झाकून घेत. "तोंड तिचं, घसा माझा," मावशी म्हणायची. नाव कुठेच आलं नाही, कारण बोलायचं नाही हीच कामाची अट होती. आता नटीही नाही आणि अट घालणारेही नाहीत. उरल्या त्या पत्र्याच्या डब्यातल्या ध्वनिमुद्रणाच्या चिठ्ठ्या. प्रत्येकीवर प्रसंगाचा क्रमांक, मावशीचं नाव आणि खाली ध्वनिमुद्रकाची सही.

इतक्या वर्षांत कात्रीने ही नोंद केली नव्हती. घरचं माणूस म्हणून तिचा हात अडायचा. या वर्षी मावशीच्या हृदयाचे कागद बघून डॉक्टर नुसतंच "बघू" म्हणाले. घरी येताना मावशीने रिक्षात विचारलं, "तुमच्या कोशात गर्दीतला माणूस सापडतो. मग मी का गं नाही? मी जायच्या आधी एकदा बघू दे की."

त्रयस्थ नजर हवी म्हणून तिने बोक्याला घरी बोलावलं. रविवारी दुपारी तो आला, तीन तास बसला, एकेक चिठ्ठी उजेडात धरून तपासली. मावशीने त्याला विचारलं, "कुठलं रडू ऐकवू? नवरा गेल्याचं की गैरसमजाचं?" तो म्हणाला, गैरसमजाचं. मावशी रडली. एक्याऐंशी वर्षांच्या तोंडातून विशीतली नटी हुंदके देत बाहेर आली, आणि बोक्याने चष्मा काढून डोळे पुसले.

निघताना जिन्यात त्याने विचारलं, "ताई, तो संबंधाचा रकाना भरणार आहेस?"

"म्हणजे काय? भरायलाच हवा."

"अगं, 'भाची' लिहिलंस की लोक चिठ्ठ्या बघायच्या आधी नातं बघतील. तुझ्यावर खार खाऊन असलेले थोडे आहेत का? आणि मंजूर मी करणार. मला माहीत आहे ना? मग कोशाला माहीत आहे."

"ते बरोबर नाही, बोक्या."

"मावशींचं वय बघ. पुढे सावकाश भरू रकाना. मी आहे."

तिने रकाना कोरा ठेवला. नोंद त्याच संध्याकाळी मंजूर झाली. मावशीने खालच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला, दूधवाल्याला आणि चुकून फोन लावलेल्या एका अनोळखी बाईलाही बातमी सांगितली. कंपाउंडर तर रोज सकाळी आपल्या फोनवर नाव उघडून तिला दाखवायचा. "आहे ना अजून?" ती विचारायची. "आहे आजी, जाईल कुठे?"

दहाव्या दिवशी डबा खाताना कात्रीने कोश उघडला. आधी सरांचं निवेदन होतं. तब्येतीमुळे ते बाजूला होणार होते, आणि पुढचा मुख्य संपादक ते बोका आणि कात्री या दोघांतून निवडणार होते. आपण शर्यतीत आहोत हे तिला तेव्हा कळलं. खाली बोक्याचं निवेदन होतं, त्यावरून ती हरली हेही लगेच कळलं.

'अत्यंत जड अंतःकरणाने लिहीत आहे,' त्याने लिहिलं होतं. 'सदर नोंद करणारी व्यक्ती संबंधिताची सख्खी भाची असल्याचं समजलं. कलम नऊनुसार हे उघड केलेलं नाही. माझ्याकडून ही नोंद अनवधानाने मंजूर झाली. कृपया योग्य ती कारवाई व्हावी.'

अनवधानाने. ते अनवधान तीन तास बसलं होतं, दोन कप चहा घेऊन. 'कृपया' मात्र बरोबर जागी होतं.

तिने फोन लावला. "बोक्या, तूच म्हणालास ना, रकाना सोड म्हणून?"

"ताई, मी सुचवलं असेन. निर्णय तुझा होता."

"सुचवलं असशील? जिन्यात उभा राहून..."

"हे बघ, सरांनी मला सरळ विचारलं असतं तर? त्यापेक्षा आपणहून सांगितलेलं बरं."

"सरांनी विचारलं होतं?"

"ते सोड, मनावर घेऊ नकोस. माणसापेक्षा नियम मोठा, हे तूच शिकवलंस. आणि हो, तीनशे चाळीस नोंदी तुंबल्यात, जरा हात लाव."

केसाने गळा कापणं असं आपण म्हणतो. त्यात कापणारा नंतर काम सांगत नाही.

संध्याकाळी सरांचा फोन आला. त्यांचा आवाज थकलेला होता. "बाई, हे खरं आहे का? तुम्ही नाही म्हणालात तर मी तुमच्यावर विश्वास ठेवीन."

एक 'नाही' पुरला असता. नात्याचा कागद कोणाकडेच नव्हता. "खरं आहे सर," ती म्हणाली. जिन्यातलं बोलणं तिने सांगितलं नाही. त्याला पुरावा नव्हता.

रद्द होणारी नोंद आधी करणाऱ्यानेच मागे घ्यावी अशी कोशाची पद्धत. ती बटण दाबायला गेली तर कारणांची यादी उघडली. चुकीची माहिती. पुरावा अपुरा. खोडसाळपणा. यादी तिनेच केलेली, तिच्यासारखं माणूस मात्र तिने धरलेलं नव्हतं. तिने 'इतर' निवडलं. खाली किमान पंधरा अक्षरं लिहिण्याची सक्ती होती. तिने लिहिलं, 'आवाज हिचाच आहे. नातं मी लपवलं.'

मावशीला सकाळी चहाबरोबर सांगायचं तिने ठरवलं होतं. पण मावशी लवकर उठून खाली गेली आणि कंपाउंडरने फोन उघडला. तो बिचारा दिसेल ते वाचत गेला: नोंद मागे घेतली, मागे घेणारी कात्री.

मावशी जिना चढून आली, धापा टाकत. "कात्री म्हणजे तूच ना?"

"हो. मावशी, ऐक, बोक्याने..."

"त्याने काढलं?"

"नाही. काढलं मी. नियम असा आहे की..."

"बोक्याने काढलं असतं तर मी समजले असते. तो परका." मावशी खुर्चीत बसली. "तेव्हाही नियमच होता, कोणाला सांगायचं नाही असा. पण तो निदान त्यांनी केलेला. हा कोणी केला?"

कात्रीने चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. मावशीने त्यानंतर तिच्याशी बोलणं जेवणापाण्यापुरतं ठेवलं. खाली दवाखान्यात जाणंही तिने सोडलं.

दोन आठवड्यांनी बोका मुख्य संपादक झाला. त्याचा पहिला प्रस्ताव आला: कलम नऊची दोन वर्षांची बंदी अमानुष आहे, ती सहा महिन्यांची करावी. मात्र बदल यापुढच्या प्रकरणांना लागू, मागच्यांना नाही. मसुदा आटोपशीर होता, एक शब्द जास्त नव्हता. त्यात दोष काढता येईना. मागचं उकरायचं नाही हेही नियम करताना बरोबरच असतं. तिने 'मान्य'वर बोट टेकवलं.

आतल्या खोलीतून मावशीने विचारलं, "पुन्हा नाव घालता यायला किती दिवस उरलेत?" आपणहून काही विचारायची ही तिची पंधरवड्यातली पहिलीच वेळ.

"सातशे चौदा."

"सातशे चौदा," मावशी म्हणाली. नवीन संवाद पाठ करावा तसा तिने तो आकडा दोनदा म्हणून बघितला आणि भिंतीकडे कूस वळवली.