मळक्या पायांनी या

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी उमरग्याच्या माझ्या दुकानात ट्रकचा फॅनबेल्ट शोधत होतो. गिऱ्हाईक घाईत होतं. "अहो, दुकान बंद करा आन् या," एवढंच माझी बायको एस्तेर म्हणाली, आणि मला कळलं. तरी मी बेल्ट शोधला, दिला, मग शटर ओढलं. रडू आलं ते दफन झाल्यावर, लोक पांगल्यावर... आता महिना होत आला. खरं सांगू, मी थकलोय. दुःख करायलाही सवड नाही, कारण रोज कुणाचा ना कुणाचा फोन येतो आणि सगळे एकच विचारतात, "मामा, औंदा शिबिर हाय का न्हाय?"

शिबिर म्हणजे आमच्या कॅथलिक कुटुंबांनी मे महिन्यात आठवडाभर एकत्र राहणं. आमची घरं मुळात थोडी, त्यात विखुरलेली. काही सास्तूरकडं, काही पार वाशीला. वर्षभर एकमेकांचं तोंड दिसत नाही, म्हणून माझ्या थोरल्या बहिणीनं, मार्थाअक्कानं, हा घाट घातला. अक्का लवकर विधवा झाली, दवाखान्यात नर्स म्हणून राबली आणि उरलेला जीव या शिबिरात ओतला. सकाळी मिस्सा म्हणजे फादरांची उपासना, दुपारी पोरांची गाणी, संध्याकाळी जपमाळ, आणि मुक्काम चर्चच्या शाळेत पत्र्याखाली, जिथं माणूस नुसता भाजून निघतो. मी दर वर्षी कुरकुरायचो, "अक्का, देव काय मे महिन्यातच भेटतो का? दिवाळीत ठेव की." ती म्हणायची, "दिवाळीत सोयाबीनची रास असती. तू गप सतरंज्या उचल." मी उचलायचो.

शेवटच्या संध्याकाळी पाय धुणं असायचं. पवित्र गुरुवारी, गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, फादर भाविकांचे पाय धुतात, प्रभूनं शिष्यांचे धुतले तसे. अक्काचं म्हणणं, ते चर्चमध्ये वर्षातून एकदा होतं, घरात कधी व्हायचं? म्हणून शिबिरात नवऱ्यानं बायकोचे पाय धुवायचे. पहिल्या वर्षी पुरुष बिथरले. "बाईच्या पायाला हात? गावात तोंड दाखवावं का न्हाय आमी?" अक्कानं त्यांना कसंबसं वळवलं, पण घोटाळा केला बायकांनी. नवऱ्यापुढं मळका, भेगाळलेला पाय कसा धरायचा, या लाजेनं दुपारपासून एकेक जण गुपचूप टाकीवर गेली आणि दगडानं टाचा घासून पाय लख्ख करून आली. आमची एस्तेरसुद्धा! संध्याकाळी परात मांडली, फादरांनी वाचन केलं, नळ सोडला तर नुसती हवा. टँकर येणार दुसऱ्या दिवशी. अक्का कमरेवर हात ठेवून उभी. "धुतलेले पाय धुवायला पाणी न्हाय! अगं बायांनो, काय करावं तुमाला?" मग स्वतःच हसत सुटली आणि पिण्याच्या माठातलं तांब्याभर पाणी घेऊन प्रत्येकीच्या पायावर थोडं थोडं घालत फिरली. पुढच्या वर्षापासून ती घरोघर फोन करून एकच निरोप द्यायची, "पाय मळकेच घेऊन या."

या पाय धुण्यानं संसार सुधारले असं काही मी म्हणणार नाही. घरी गेले की पुन्हा भांडायचे. पण सास्तूरचा सायमन, बायकोला, रूथला, एरवी धड हाकही न मारणारा, परातीशी बसला की मान वर करायचा नाही, आणि टॉवेल शेजारी असताना तिच्या टाचा आपल्या अंगातल्या सदऱ्याला पुसायचा. रूथ एकदा एस्तेरला म्हणाली, "मामी, त्येच्यावरच माझं वरीस निघतंय."

अक्का स्वतः कधी बसली नाही. तांब्या कायम तिच्या हातात. गेल्या वर्षी मात्र पाय सुजलेले, उभं राहवेना. "बस अक्का, मी धुतो," म्हणालो. नको नको करत बसली. साडी जराशी सरकवून बघतो तर काय, पाय स्वच्छ! साबणाचा वास येत होता.

"अक्का! तू धुऊन आलीस?"

सगळे हसले. ती खाली बघत म्हणाली, "लाज वाटती रे..."

जन्मभर दुसऱ्यांच्या जखमा धुतल्या तिनं, आणि भावासमोर मळका पाय ठेवायला लाजली. मी पाणी घातलं. सुजेवर बोट टेकलं तिथं खड्डा पडला.

या वर्षी मी सगळ्यांना "न्हाय" सांगायला सुरुवात केली होती. गुडघे दुखतात, दुकान आहे, आणि अक्काशिवाय ते पत्रे बघवणार नाहीत मला. परात आमच्या ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलीय. परवा एस्तेर तिच्यात मिरच्या वाळत घालायला निघाली तर मी उगाच खेकसलो. "मग बसा कवटाळून," म्हणाली आणि आत गेली.

त्याच दुपारी रूथचा फोन आला. "मामा, शिबिर न्हाय म्हणं?"

"न्हाय बाई. माझ्यानं होत न्हाय आता."

ती मग म्हणाली, "बरं. मग आमी दोघं तुमच्या घरीच येताव. म्या पाय धुवून येयाची न्हाय. तांब्या तेवढा तुमी धरा."

फोन ठेवला आणि अक्काचा असा राग आला म्हणून सांगू... मेल्यावरसुद्धा सतरंज्या उचलायला लावते ही बाई! परात उचलून मांडीवर घेतली, डोळे पुसले आणि वाशीला फोन लावला. पलीकडून कुणीतरी "हॅलो, कोण?" म्हणालं. शिबिर आहे, एवढंच सांगायचं होतं. तोंडातून भलतंच आलं.

"पाय मळकेच घेऊन या."