शिळ्या पाण्याच्या बाई

मी सोलापुरातल्या एका छोट्या संग्रहालयात मासे, कासवं आणि बेडूक सांभाळते. हे सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, "म्हणजे दिवसभर नेमकं काय करता?" खरं सांगायचं तर दिवसभर पाण्याचा वास घेते. आता ती सवयच जडली आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा पेला ओठांच्या आधी नाकाला लावते आणि शेजारी बसलेल्या सासूबाई मला कोपराने ढोसतात.

कारण साधं आहे. नळाच्या पाण्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं. आपल्याला ते चालतं, बेडकांना चालत नाही. बेडूक कातडीतूनच पाणी घेतो, त्यामुळे ते थेट अंगात भिनतं, आणि शेपटीची पिल्लं तर बघता बघता उलटी होऊन तरंगायला लागतात. म्हणून नळाचं पाणी पिंपात भरून दोनतीन दिवस उघडं ठेवायचं, वास उडाला की मग टाकीत सोडायचं. थोडक्यात, आमच्या प्राण्यांना शिळं पाणी लागतं.

आता सोलापुरात हे कुणाला समजावणं किती कठीण, ते इथे राहणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे पाणी चार दिवसांनी येतं, आणि येतं त्या दिवशी घरातली बाई पहिलं काम करते ते म्हणजे हंडे-कळश्या पालथ्या घालून शिळं पाणी ओतून देणं. शिळ्यावरच ताजं घेतलं तर ती बाई आळशी, असा गल्लीचा निकाल लागतो. घरी मीही ओतते. सासूबाईंपुढे माझं काय चालणार! सकाळी घरी शिळं पाणी ओतायचं आणि दहा वाजता संग्रहालयात तेच जिवापाड जपायचं, असं माझं दुहेरी आयुष्य वर्षानुवर्षं चाललं होतं.

दोन वर्षांपूर्वी बेडकांच्या खोलीवर गंडांतर आलं. आमच्या साहेबांना ती बंद करून तिथे फोटो काढायची सजवलेली जागा करायची होती. "बेडूक बघायला तिकीट कोण काढतं हो?" असं ते दर आठवड्याला विचारायचे. मीही हट्टाला पेटले. मागच्या हौदात बेडकीने घातलेली अंडी मी आत काचेच्या टाकीत आणून वाढवली. चांगली शे-दीडशे पिल्लं झाली. साहेब म्हणाले, "पंधरा दिवसांनी वरून पाहणीला लोक येणार आहेत. तोवर ही उड्या मारताना दिसली तर खोली राहील. नाहीतर मला गळ घालू नका." पिल्लांना मागचे पाय फुटले होते, पुढचे फुटायचे होते. मी रोज सकाळी आल्या आल्या चप्पल काढायच्या आधी पाय बघायला जायचे.

आमच्या प्राण्यांना वैरी कुणीच नाही, सगळे त्यांचे हितचिंतक, आणि त्यांचीच मला भीती वाटते. एका शनिवारी अक्कलकोटकडच्या एका आजीबाई आल्या. पिल्लं बघून त्यांना मायेचं भरतं आलं. माझी पाठ फिरताच त्यांनी टाकीत कडक भाकरी चुरली आणि तोंडी लावायला म्हणून वर मूठभर शेंगाची चटणी टाकली. मी ओरडत धावले तर म्हणाल्या, "नुसत्या पान्यावर किती दिस काढतील लेकरं?" पाणी गढूळलं, वर तेलाचा लाल तवंग आला. पिल्लं वर येऊन तोंडांची उघडझाप करायला लागली.

पाणी ताबडतोब बदलायला हवं होतं. बादली घेऊन मी मागे पिंपांकडे पळाले. तिथे होटगीहून येणाऱ्या सफाईच्या मावशी कमरेला पदर खोचून उभ्या होत्या. त्यांना कामाला लागून आठवडाच झाला होता.

"बाई, तुमी लई कामात असता," त्या कौतुकाने म्हणाल्या. "चार दिसांचं शिळं पानी तसंच पडलं हुतं. समदं वतून दिलं, पिंपं घासली, ताजं भरलं. बगा की कसं चकाचक झालंय!"

मी वाकून वास घेतला. नाकात झिणझिण्या आल्या. आणि मी, जी कधी कासवावरही आवाज चढवत नाही, ती ओरडले, "मावशी, मारलीत हो तुम्ही माझी पिल्लं!"

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. "शिळं हुतं की वो," एवढंच पुटपुटल्या. तो चेहरा आठवला की अजून मला लाज वाटते. येणाऱ्या प्रत्येक शाळेला मी शिळ्या पाण्याचं महत्त्व सांगत होते, पण पिंपाशी काम करणाऱ्या बाईला सांगायचं राहून गेलं होतं.

क्लोरीन मारायच्या औषधाची बाटली संपलेली होती, नव्या बाटलीचा अर्ज साहेबांच्या टेबलावर होता. शेजारच्या टाक्यांतलं पाणी घ्यावं तर माशांना बुरशीचं औषध चालू होतं, आणि मागचा हौद एव्हाना आटला होता. मी सरळ बाहेर पडले आणि पलीकडच्या विणकरांच्या गल्लीत शिरले. पाण्याचा दिवस, त्यामुळे बायका दारातच होत्या.

"कुणाकडे शिळं पाणी आहे का हो?" मी विचारलं.

एकजण म्हणाली, "आमच्यात न्हाय बाई शिळं ठेवत." दुसरी म्हणाली, "सकाळीच वतलं की." तिसरीला तर रागच आला. "कुणी सांगितलं तुमाला, आमी शिळं पितो म्हनून?" ताजं पाणी मात्र प्रत्येकजण द्यायला तयार होती.

गल्लीच्या टोकाला एक तेलुगू आजी एकट्या राहायच्या. घरातले माग कधीच बंद पडले होते. त्या उंबऱ्यावरून उठल्या. "माझ्याकडं हाय," म्हणाल्या. "सात कळश्या. दर बारीला वतते म्हनून सांगते, वतत न्हाय. एकटीला कितीसं लागतंय? आन् पानी फेकायला जिवावर येतंय माझ्या."

मग शेजारीण घसा खाकरून म्हणाली, "तसा कूलरला म्हनून एक हंडा हाय की माझ्याकडं बी." कुणाकडे जिन्याखाली निघालं, कुणाकडे मोरीच्या कोपऱ्यात. राग आलेल्या बाईंकडे तर भरलेलं पिंपच निघालं! बघता बघता कळश्यांची रांग लागली. सगळ्यांत पुढे डोक्यावर हंडा आणि कमरेवर घागर घेऊन, माझ्या मागोमाग गल्लीत आलेल्या आमच्या मावशी होत्या. मी दारात उभी राहून प्रत्येक भांड्याचा वास घेत होते. "पास का आमचं?" एकीने काळजीने विचारलं.

सात-आठ पिल्लं गेली. बाकीची संध्याकाळपर्यंत खाली उतरून दगडावरचं शेवाळ खरवडायला लागली, आणि मी टाकीपुढे बसून मनसोक्त रडले. मावशींची माफी मागितली. "माफी ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "समजावून सांगा की आता." मी सांगितलं. तेव्हापासून पिंपांजवळ मलासुद्धा त्यांच्या परवानगीशिवाय जाता येत नाही.

पाहणीच्या दिवशी शेंगदाण्याएवढे बेडूक दगडांवर बसले होते. झाकण उघडताच एकाने पाहुण्यांच्या शर्टाच्या बाहीवर उडी मारली. ते इतके खूश झाले, की साहेबांनी बेडकांची खोली ही जणू आपलीच कल्पना असल्यासारखी सगळी माहिती दिली. मी मधे बोलले नाही. खोली राहिली, बस्स.

गल्लीत मला आता शिळ्या पाण्याच्या बाई म्हणतात. पाण्याच्या दिवशी बायका शिळं पाणी आमच्या मागच्या दाराशी आणून पिंपात रिकामं करतात, जाताजाता आपापल्या कळशीवर वाढलेले बेडूक कोणते यावरून भांडतात. इतकी वर्षं चार दिवसांचं पाणी दाराआड लपवणाऱ्या त्या आजी सगळ्यांत आधी येतात, गल्लीच्या अगदी मधून, कळशी कमरेवर घेऊन, मोठ्याने ओरडत: "सरका, सरका! शिळं पानी हाय!"