प्रयोगशाळेची किल्ली

आमच्या हायस्कुलातल्या प्रयोगशाळेत चोवीस वर्षं एकही प्रयोग झाला नव्हता, आणि त्याचं सगळं श्रेय तिथल्या शिपायाचं, म्हणजे लॅबमामांचं. परीक्षानळ्या ते रोज मऊ फडक्याने पुसत. तेवढ्या प्रेमाने त्यांनी पोटच्या पोरांची नाकंही पुसली नसतील. एखादा शिक्षक वर्ग घेऊन आलाच, तर मामा दारातूनच सांगत, "आत्ताच फरशी पुसलीय." घरी मामी प्रयोगशाळेला सरळ सवत म्हणत.

मग विज्ञानाच्या नव्या मॅडम आल्या. त्यांनी पहिल्याच आठवड्यात नळ्यांमध्ये चक्क रसायनं ओतली! मामांचा जळफळाट झाला. त्यात हेडसर म्हणाले, "शुक्रवारी बघायला येतो. प्रयोग नीट झाला, तर यापुढे किल्ली मॅडमकडे."

शुक्रवारी हेडसर आले, नववीची पोरं टेबलाभोवती जमली. मॅडमनी बर्नर पेटवला. ज्योत पिवळी आणि धुरकट. बर्नरच्या बुडाशी हवेचं भोक असतं. त्यात धूळ जाऊ नये म्हणून मामांनी त्यावरचं कडं फिरवून ते बंद केलं होतं, आणि शोभा यावी म्हणून वरून चंदेरी रंगही फासला होता. रंगाखाली भोक दिसेना, त्यामुळे मॅडमना वाटलं, हा बर्नरच असा आहे. मामा दाराशी मिशीत हसत उभे. नुसतं गप्प बसायचं, की किल्ली शाबूत!

मॅडमनी नळी ज्योतीवर धरली. काजळीने ती काळीठिक्कर पडली. मग दुसरी. तिसरीकडे हात गेला तसे मामा ओरडले, "अहो बाई, थांबा! माझ्या नळ्यांची तोंडं काय काळी करताय!"

त्यांनी गॅस बंद केला, रंग खरवडला, कडं फिरवलं आणि पुन्हा काडी लावली. निळीशार ज्योत! पोरांनी टाळ्या पिटल्या. प्रयोग झाला. हेडसरांनी हात पुढे केला आणि मामांनी दाढ उपटल्यासारखं तोंड करून किल्ली दिली.

पुढचं मामींनीच मला हसत हसत सांगितलं. त्या रात्री मामा जेवायला बसेनात.

"उद्यापासून तीच उघडणार, तीच बंद करणार. मी नुसता बघत बसायचं?"

"कसं वाटतं?"

"आग होते नुसती."

"मी चोवीस वर्षं काढली तशी," मामी म्हणाल्या. "तुम्हाला एक दिवस काढवेना? वाढलंय, बसा."